दोनच वाजलेत: नेब्रास्काच्या सँडहिल्समधला एक दिवस

त्या रात्री अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या म्युलन गावात, एका खोलीत आम्ही दोघं पेट्रोलच्या पावत्यांच्या पाठीवर दिवसभराच्या वेळा लिहीत बसलो होतो. कुठे किती वाजता पोचलो, कुठे किती वेळ घालवला, कोण काय म्हणालं. हे प्रकरण त्या पावत्यांवरून उतरवलेलं आहे. नावं, वर्ष आणि गाड्यांच्या कंपन्या मुद्दाम गाळल्या आहेत. वेळा सेंट्रल टाइमच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्य भागातल्या प्रमाणवेळेच्या आहेत. जिथे तसं नाही तिथे सांगितलं आहे, कारण घड्याळाचा या गोष्टीत मोठा भाग आहे.

पार्श्वभूमी

चालक दोन. एक माझा मावसभाऊ, मी त्याला दादा म्हणते. वय बावन्न, बाईकवर वीसेक वर्षं, मोठी गाडी, २२ लिटरची टाकी. दुसरी मी. माझी गाडी हलकी, टाकी ११ लिटरची. दोघांच्या हेल्मेटमध्ये इंटरकॉम. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, शिधा, पाणी सगळं मागच्या सीटवर आणि दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत. प्रवासाचा चौथा दिवस, जूनचा तिसरा आठवडा.

रस्ता होता नेब्रास्काचा हायवे क्रमांक २. ग्रँड आयलंडहून निघतो आणि वायव्येकडे, मग पश्चिमेकडे जात अलायन्सला पोचतो. २७२ मैल, म्हणजे सुमारे ४३८ किलोमीटर. तिथून उत्तरेला वळून आम्हाला चॅड्रन स्टेट पार्कमध्ये तंबू टाकायचा होता. नेब्रास्काचं हे पहिलं स्टेट पार्क, १९२१ सालचं. एकूण ५३० किलोमीटर. जूनच्या दिवसात, नऊनंतर मावळणाऱ्या सूर्याच्या भरवशावर, हा आकडा मुळीच मोठा वाटत नाही. वाटेत अलायन्सजवळ कारहेंज आहे: जुन्या मोटारी जमिनीत उभ्या रोवून १९८७ साली उभी केलेली, इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाची प्रतिकृती. दादाला ते उतरत्या उन्हात बघायचं होतं. ही साधी हौस, पण दिवसभरातल्या प्रत्येक निर्णयात ती कुठेतरी मागे उभी होती, म्हणून नोंदवते.

सँडहिल्स म्हणजे वाळूच्या टेकड्या, गवताने धरून ठेवलेल्या. साधारण पन्नास हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश. खाली ओगलाला जलसाठ्याचं पाणी, वर कुरणं, गुरं आणि गुरांना पाणी देणाऱ्या पवनचक्क्या. रस्त्यालगत रेल्वेचा मार्ग आहे. वायोमिंगच्या खाणींतला कोळसा घेऊन मैलभर लांबीच्या मालगाड्या पूर्वेकडे जात असतात. गावं लहान आणि लांब लांब: थेडफर्डहून म्युलन ४२ किलोमीटर, म्युलनहून हायॅनिस ६०, हायॅनिसहून अलायन्स ९७. मध्ये जी नावं नकाशावर दिसतात, त्यांतल्या काही ठिकाणी थांबण्यासारखं काही नसतं.

ही अंतरं आम्हाला पाठ होती. पण ती आम्ही पेट्रोलसाठी पाठ केली होती. टाकी कुठे भरायची, आडव्या वाऱ्यात माझी गाडी लिटरला किती देईल, राखीव पेट्रोलवर किती जाईल, सगळं कागदावर होतं. निवारा कुठे मिळेल, हा रकाना त्या कागदावर नव्हता.

सकाळ: अडचण तिथेच सुरू झाली

पाच वाजता उठलो तेव्हा तंबू बाहेरून आणि आतून ओलाचिंब होता. दवाने. गवतावर पाय ठेवला की मोजे भिजत होते. वारा दक्षिणेचा, सकाळीच अंगाला चिकटणारा. ओला तंबू गुंडाळून नेला तर रात्री त्याचा वास येतो आणि वजनही वाढतं, म्हणून आम्ही तो कुंपणावर वाळत टाकला. तेवढ्यात माझ्या मागच्या पिशवीचा एक पट्टा घासून अर्धा तुटलेला दिसला. तो बदलला. सहाला निघायचं होतं, आठ चाळीसला निघालो.

उशिरापेक्षा मला आज जास्त लागतं ते दुसरंच. तो ओला तंबू म्हणजे त्या दिवसाचा अंदाजच होता, आणि आम्ही तो उन्हात वाळवत बसलो. उन्हाळ्यात या मैदानांवर मेक्सिकोच्या आखाताकडून दक्षिणेचा वारा ओल घेऊन येतो. पश्चिमेला, रॉकी पर्वतांच्या बाजूला, जमीन चढत जाते आणि हवा कोरडी असते. दुपारच्या तापत्या उन्हात ढग आधी तिथे, उंच भागात उठतात आणि संध्याकाळपर्यंत पूर्वेकडे सरकतात. जितकी ओल जास्त, तितकं त्यांना खाद्य जास्त. एवढं दव आणि सकाळपासून दक्षिणेचा जोरदार वारा, एवढ्यावरून त्या भागातला कुठलाही शेतकरी दुपारी पश्चिमेकडे नजर ठेवून राहिला असता. फोनवर पाहिलं होतं, नाही असं नाही. चॅड्रनसाठी "संध्याकाळी गडगडाटी पावसाची शक्यता" असं लिहिलेलं होतं. आम्ही ते मुक्कामाच्या ठिकाणचं हवामान म्हणून वाचलं. ते ढग चॅड्रनला आमची वाट बघत थांबणार नव्हते, आमच्याच रस्त्याने समोरून येणार होते, हे डोक्यात आलं नाही.

ब्रोकन बोला १० वाजून २० मिनिटांनी पोचलो. चेनला तेल दिलं, जेवलो, पाणी भरलं, ११ वाजून ५० मिनिटांनी निघालो. पुढे आन्सेल्मो आणि डनिंगच्या मध्ये शंभरावी रेखांश रेषा ओलांडली जाते. दमट पूर्व आणि कोरडी पश्चिम यांची सीमा म्हणून ती ओळखली जाते. मक्याची शेतं मागे राहतात आणि गवत सुरू होतं. आडवा वारा आता डावीकडून सतत ढकलत होता. सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे कलती ठेवूनच चालवायची. समोरून ट्रक आला की क्षणभर वारा तुटतो आणि गाडी डावीकडे झेपावते, ट्रक गेला की उजवीकडे थप्पड बसते. आम्ही वेग ताशी ५५ मैलांवर, म्हणजे ९० किलोमीटरच्या आत आणला. यानेही दिवस थोडा लांबला.

डनिंगजवळ पाणी प्यायला थांबलो असताना समोरून मालगाडीचा दिवा दिसला. दादा म्हणाला, "लांब आहे अजून, फोटो काढायला वेळ आहे." मी फोन काढून, हातमोजा काढून, कॅमेरा उघडेपर्यंत इंजिन आमच्यासमोरून निघून गेलं होतं. सपाट प्रदेशात लांबचं दिसतं, पण ते किती वेगाने येतंय ते दिसत नाही. दिवा फक्त दिवा असतो, बराच वेळ तेवढाच. ही गोष्ट काही तासांनी आमच्याच बाबतीत घडणार होती.

पहिला निर्णय: हॅल्सी, दुपारी एक ते सव्वादोन

हॅल्सीला माणसांनी हाताने लावलेलं जंगल आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बेसी यांच्या आग्रहावरून १९०२ साली हे वनक्षेत्र राखीव झालं आणि वाळूच्या टेकड्यांवर पाईनची रोपं लावली गेली. चारही बाजूंना गवत आणि मध्येच गर्द पाईन. खाली मिडल लूप नदी, काठाला तंबूसाठी जागा. आम्ही गाड्या लावून टेकडीवरच्या मनोऱ्याकडे गेलो. वरून पश्चिमेला, क्षितिजाच्या अगदी कडेला, फुलकोबीसारखे पांढरे गड्डे दिसत होते. तीन, कदाचित चार. सुंदर दिसत होते. मी फोटो काढला. तो फोटो आता या प्रकरणाचा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे, कारण त्यावर वेळ आहे: १ वाजून ५२ मिनिटं.

खाली आल्यावर मी म्हटलं, "दादा, इथेच राहूया का? सावली आहे, नदी आहे."

"अगं, दोनच वाजलेत."

एवढंच बोलणं झालं. मी पुढे काही बोलले नाही, कारण माझ्याकडे कारण म्हणून फक्त सावली होती. ढगांचा मी उल्लेखही केला नाही. दादालाही ते दिसले होते, त्यानेही केला नाही. पुढचा मुक्काम ३१५ किलोमीटरवर, हातात सात तासांहून जास्त उजेड. या हिशेबात दोन वाजता थांबणं म्हणजे दिवस वाया घालवणं वाटलं.

दुसरा निर्णय: थेडफर्ड, दोन चाळीस ते सव्वातीन

थेडफर्डला टाक्या भरल्या. फोनला रेंज होती. पश्चिम नेब्रास्कासाठी, रात्री नऊपर्यंत, सिव्हिअर थंडरस्टॉर्म वॉच जाहीर झालं होतं. अमेरिकेची नॅशनल वेदर सर्व्हिस दोन वेगळे शब्द वापरते आणि त्यांतला फरक जीवनमरणाचा आहे. वॉच म्हणजे तीव्र वादळाला पोषक परिस्थिती आहे, सावध राहा. वॉर्निंग म्हणजे वादळ झालेलं आहे किंवा अगदी समोर आहे, आत जा. तीव्र म्हणजे एक इंचाच्या, अडीच सेंटिमीटरच्या गारा, किंवा ताशी ५८ मैलांचा, ९३ किलोमीटरचा वारा. बाईकवर बसलेल्या माणसाला यातलं कुठलंही एक पुरेसं आहे.

पर्याय आम्ही बोलून घेतले, हे त्यातल्या त्यात बरं. मागे फिरून हॅल्सीला २५ किलोमीटर जायचं आणि तंबू टाकायचा. थेडफर्डमध्येच खोली घ्यायची. म्युलनपर्यंत जाऊन तिथून बघायचं. किंवा सरळ अलायन्स गाठायचं. शेवटचा आम्ही लगेच सोडला. पहिला जड वाटला, कारण मागे जाणं कुणालाच आवडत नाही, आणि आपण तिथून आत्ताच निघालो हे मनात टोचतं. दुसऱ्यासाठी पैसे लागत होते आणि आम्ही तंबू घेऊन निघालो होतो. राहिला तिसरा. "म्युलनला जाऊ, तिथून बघू."

या वाक्याबद्दल मला दोन शब्द जास्त लिहायचे आहेत. "तिथून बघू" हा निर्णय वाटतो, पण त्यात काय बघायचं आणि काय दिसलं तर थांबायचं हे ठरलेलं नव्हतं. ढगांचा माथा सपाट झालेला दिसला तर? सूर्य झाकला गेला तर? वॉर्निंग लागली तर? यातलं एकही आम्ही बोललो नाही. म्हणजे थेडफर्डला आम्ही निर्णय घेतला नाही, तो फक्त ४२ किलोमीटर पुढे ढकलला, आणि ढकलला तोही वादळाच्याच दिशेने.

तिसरा निर्णय: म्युलन आणि तो न मिळालेला तास

थेडफर्ड आणि म्युलनच्या मध्ये वेळेची सीमा आहे. सेंट्रल टाइम संपतो, माउंटन टाइम सुरू होतो. फोन आपोआप एक तास मागे गेला. माझ्या गाडीवरचं घड्याळ ३ वाजून ५० मिनिटं दाखवत होतं, फोन २ वाजून ५०. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. हॅल्सीला ऐकलेलं "दोनच वाजलेत" पुन्हा खरं झाल्यासारखं. दादा म्हणाला, "चला, एक तास मिळाला." आकाशातल्या कुणालाही तो तास मिळालेला नव्हता.

वॉचची मुदत आम्ही "नऊपर्यंत" अशी डोक्यात धरली होती, ती सेंट्रलची. फोनवरचं घड्याळ माउंटनचं. उन्हाची तिरीप, पोटातली भूक, अंगातला थकवा सगळं सेंट्रलचं. या गोंधळात आम्ही दिवस जितका शिल्लक होता त्याहून जास्त समजत होतो.

आणि आकाश आता काही लपवत नव्हतं. पश्चिमेच्या ढगाचा माथा ऐरणीसारखा सपाट होऊन आमच्या दिशेने पसरला होता. त्याची कड सूर्यावर आली होती आणि गवताचा रंग उतरला होता. पंपावरच्या दुकानात गल्ल्यामागे बसलेल्या बाईंनी आमच्या गाड्यांकडे आणि मग पश्चिमेकडे पाहिलं आणि विचारलं, कुठे निघालात? हायॅनिस म्हटल्यावर त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, इथे बसून कॉफी प्यायला कुणी पैसे मागणार नाही. त्याहून स्पष्ट शब्दांत कुणी अनोळखी माणूस सांगेल, अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही. आम्ही हसून आभार मानले.

दादाने फोनवर पाहिलं. पान अर्धवट उघडलं, रेंज जेमतेम. इशाऱ्याचा मोठा भोंगा दोघांच्याही फोनवर वाजला नव्हता. त्यावर आम्ही विसंबलो. इथे एक गोष्ट प्रत्येक चालकाला माहीत असायला हवी. २०२१ च्या ऑगस्टपासून वादळाच्या वॉर्निंगला फोन आपोआप तेव्हाच कोकलतो, जेव्हा ती सर्वांत वरच्या, विध्वंसक श्रेणीची असते: पावणेतीन इंचांच्या गारा किंवा ताशी ८० मैलांचा वारा. टोर्नेडो वॉर्निंगला तो वाजतोच. पण दोन इंचांच्या गारा आणि ७० मैलांचा वारा असेल तर वॉर्निंग लागू असूनही फोन गप्प राहू शकतो. चार भिंतींत बसलेल्या माणसाचा विचार करून ही मर्यादा ठेवलेली आहे. हेल्मेट आणि जाळीच्या जॅकेटमधल्या माणसासाठी ती फार वर आहे.

४ वाजून १० मिनिटांनी आम्ही म्युलन सोडलं. हायॅनिस ६० किलोमीटर, चाळीस मिनिटं. ढग "लांब" होता.

तो लांब नव्हता. रात्री पावतीवर आम्ही हिशेब मांडला. वादळ ताशी सुमारे ५० किलोमीटरने पूर्वेकडे येत होतं. आम्ही ८५-९० ने पश्चिमेकडे जात होतो. म्हणजे दोघांमधलं अंतर ताशी १४० किलोमीटरने कमी होत होतं. आम्ही निघालो तेव्हा त्याची पुढची कड म्युलनपासून ६५-७० किलोमीटरवर होती, म्हणजे ज्या गावाला आम्ही निघालो होतो ते गाव तेव्हाच त्याच्या तोंडावर होतं. आम्ही कसेही गेलो असतो तरी हायॅनिस आम्हाला कोरडं मिळालं नसतं.

चौथा निर्णय: रस्त्यावर

पंचवीस मिनिटांनी, ३५ किलोमीटर गेल्यावर, वारा थांबला. सकाळपासून डाव्या खांद्याला टेकलेला वारा एकदम निघून गेला. अंगाला सवय झाल्यामुळे गाडी डावीकडेच कलत राहिली आणि मी पांढऱ्या पट्टीवर गेले. इंटरकॉमवर मी दादाला हाक मारली, तो पुढे होता, आवाज तुटत होता. मी थांबायचं ठरवलं. उजवीकडे कुरणाचं फाटक होतं, गाडी तिथे घेतली.

कुंपणापलीकडे हातभर अंतरावर असावी अशी एक पवनचक्की होती, खाली गुरांचं गोल टाकं. चक्कीचं तोंड आग्नेयेला होतं. दुपारभर जमिनीलगतचा वारा दक्षिणेचा, तो कधीतरी आग्नेयेकडे वळला होता. हे मी म्युलनमध्येही पाहू शकले असते. येणारं वादळ समोरची गरम ओली हवा आपल्याकडे ओढत होतं. आता पाती थबकली होती. एक पातं गंजून वाकलेलं, ते खाली येऊन थांबलं होतं. टाक्यातलं पाणी इतकं स्थिर की त्यात ढगाची काळी कड दिसत होती. मग शेपटीचा पत्रा करकरला, सगळं डोकं हळूहळू फिरलं, दक्षिणेवरून पश्चिमेला, आणि पाती खडखडत सुटली. त्यानंतर दोन-तीन सेकंदांनी वारा माझ्या तोंडावर आला. गार. ओल्या मातीचा वास घेऊन. ३५ अंशांच्या दुपारनंतर अंगावर काटा आला.

मी मागे दिसले नाही म्हणून दादा परतला होता. पश्चिमेला ढगाच्या पुढे, जमिनीपासून थोड्या उंचीवर, काळपट निळ्या रंगाची एक लांब फळी आडवी पसरली होती, आणि तिच्यामागे पांढरा-हिरवट पडदा. हायॅनिसचा रस्ता त्या पडद्यात जात होता.

पर्याय तीन होते. हायॅनिस २५ किलोमीटर, पडद्याच्या पलीकडे. इथेच थांबणं: उघडं कुरण, तारेचं कुंपण, लोखंडी पवनचक्की, निवारा शून्य. तंबू उभारायचा विचार दादाने बोलून दाखवला आणि स्वतःच सोडला. तंबू विजेपासून काहीही वाचवत नाही, आणि त्या वाळूत आमच्या साध्या खुंट्या पहिल्या झोताला निघाल्या असत्या. तिसरा, म्युलनला परत.

दादा म्हणाला, "मागे फिरलो तरी ते आपल्याला गाठेल ना?" हा प्रश्न मला तेव्हाही बरोबर वाटला होता आणि आजही वाटतो, कारण त्याने आम्हाला हिशेब करायला लावला. मागे फिरलं की वेगांची बेरीज संपते, वजाबाकी सुरू होते. आमचे ९०, त्याचे ५०. आम्ही प्रत्येक मिनिटाला त्याच्यापासून लांब जाणार होतो. "पेट्रोल?" "भरपूर आहे." फिरलो. ४ वाजून ३८ मिनिटं.

आणखी पाच मिनिटं पुढे गेलो असतो तर बारा-एक किलोमीटर अंतर कमी झालं असतं, आणि शिल्लक होतं जेमतेम तेवढंच.

परिणाम

पाच वाजता म्युलनच्या त्याच पंपावर होतो. त्या बाईंनी काही विचारलं नाही. गाड्या छताखाली नको, छत उडतं, असं सांगून त्यांनी दुकानाची मागची भिंत दाखवली आणि आम्हाला आत घेतलं. पाच वीसला विजेची तार तुटल्यासारखा आवाज झाला आणि त्यांनी सगळ्यांना दुधा-पेयांच्या शीतगृहात पाठवलं: जाड भिंतींची, बिनखिडक्यांची खोली. आम्ही दोघं, एक ट्रकचालक, त्या आणि त्यांचा कुत्रा. दुधाच्या क्रेटवर बसलो. वर पत्र्यावर कुणी खडी ओतत असल्यासारखा आवाज अकरा मिनिटं चालला. मी फोनवर मिनिटं मोजत होते, दुसरं काही सुचत नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा जमीन पांढरी होती आणि गारांवरून धुकं उठत होतं. सर्वांत मोठ्या गारा गोल्फच्या चेंडूएवढ्या, साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. दादाची काच तडकली, माझा उजवा आरसा गेला, टाकीवर तीन पोचे. दादाची गाडी उजव्या कुशीवर पडलेली होती. घाईत आम्ही ती अशी लावली की वारा स्टँडच्या बाजूने, डावीकडून, आला आणि त्याने गाडी स्टँडवरून उचलून पलीकडे टाकली. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरचं टोक मोडलं, उरलेल्या भागावर दोन बोटं बसत होती. माझी गाडी उलट्या तोंडाने होती म्हणून वाऱ्याने ती स्टँडवरच दाबून धरली. हे ठरवून झालेलं नव्हतं. कुणालाही इजा झाली नाही.

त्या रात्री खोली घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघून अकराच्या आत अलायन्स आणि कारहेंज झालं, दुपारी एकला चॅड्रनला तंबू उभा होता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट घड्याळाची. या मैदानांवर जूनमध्ये पश्चिमेकडे जाणाऱ्या चालकाने दिवसाचा शेवट सूर्यास्ताला धरू नये, दुपारी दोन-तीनला धरावा. ५३० किलोमीटर करायचे असतील तर साडेपाचला चाक हललं पाहिजे. तंबू ओला असेल तर ओलाच गुंडाळावा आणि दुपारच्या मुक्कामाला वाळवावा. आम्ही सकाळची गार, शांत वेळ तंबू वाळवण्यात घालवली आणि वादळाची वेळ रस्त्यावर घालवली.

थांबायची खूण गाव सोडण्याआधी ठरवावी, आणि ती डोळ्यांनी दिसणारी असावी. आम्ही आता तीन धरतो: ढगाचा माथा सपाट झाला, सूर्य झाकला गेला, किंवा वारा एकाएकी पडला अथवा फिरला. यातलं एक झालं की पुढचं गाव नव्हे, हातात असलेलं गाव. निवड करायला जागा गावातच असते. दोन गावांमधल्या ६० किलोमीटरांत निवडायला फक्त दिशा उरते.

रेंज नसलेल्या भागासाठी लहान वेदर रेडिओ आता टँकबॅगेत असतो. हवामानाचं प्रसारण १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झच्या सात वाहिन्यांवर चोवीस तास चालतं. त्यात इशारे काउंट्यांच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या, नावाने येतात, म्हणून टाकीवर चिकटपट्टी लावून त्या दिवशीच्या काउंट्यांची नावं क्रमाने लिहायची. आणि दोघांची घड्याळं मुक्काम होईपर्यंत निघाल्या ठिकाणच्याच वेळेवर ठेवायची.

मागे असलेला थांबला तर पुढच्याने कारण न विचारता परत यायचं, हा नियम आम्ही आधी केलेला नव्हता. दादा परत आला, कारण तो दादा आहे. दुसऱ्या कुणाबरोबर असते तर तो दहा किलोमीटर पुढे जाऊन माझी वाट बघत बसला असता, तेही पडद्याच्या आत.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. दादाच्या मते चूक म्युलनला झाली: तिथे सगळं दिसत होतं, बाईंनी सांगितलंही होतं, तरी निघालो. मी म्हणते हॅल्सीला. त्यावर तो विचारतो, हॅल्सीला राहिलो असतो तर काय? वादळ रात्री नऊच्या सुमाराला तिथेही पोचलंच होतं, गारा लहान, पण विजा तेवढ्याच, आणि आपण पाईनच्या झाडांखाली तंबूत असतो. त्याचं हे म्हणणं खोटं नाही. पण हॅल्सीला आमच्या हातात सात तास असते. तंबू उंच झाडांपासून लांब टाकायला, खुंट्यांऐवजी वाळूत पुरायला काठ्या शोधायला, पक्कं बांधकाम कुठे आहे ते चालत जाऊन बघायला, शेजारच्या तंबूवाल्यांशी बोलायला. म्युलनला आमच्या हातात वीस मिनिटं होती आणि ती वीस मिनिटंही दुसऱ्या कुणीतरी दार उघडलं म्हणून कामी आली.

मला जास्त बोचतं ते असं की हॅल्सीला मी ढग पाहिले, त्यांचा फोटो काढला, आणि दादाला सांगताना सावलीचं कारण दिलं. त्याला खरं कारण सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता, हे मी त्याला नंतर विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "कदाचित तरीही हेच म्हणालो असतो. पण मग तुला माझ्याशी भांडता आलं असतं."